पुढची गाडी गळेपर्यंत

बसा हो, टेकून बसा. चहा येईस्तोवर बजरंगची गोष्ट सांगतो तुम्हाला. गाडी धडधाकट असताना शर्यत हरला, तो बजरंग. हसू येईल मधे मधे, पण गोष्ट हसायची नाही.

लोणी काळभोरला हायवेच्या आतल्या अंगाला बजरंगचं गॅरेज. तिथं त्यानं आणि त्याचा जोडीदार उत्तरेश्वर यानं मिळून एक रेसची गाडी बांधली. बुटकी, रुंद, जमिनीला पोट टेकल्यासारखी. शर्यत सहा तासांची. एवढा वेळ एकट्याच्यानं होत नाही, म्हणून गाडीला ड्रायव्हर दोन. एकानं दमेस्तोवर हाकायची, मग ट्रॅकच्या कडेला पिटात आणून दुसऱ्याच्या हवाली करायची. उतरणाऱ्यानं बसणाऱ्याचे पट्टे आवळायचे आणि हेल्मेटला तोंड लावून ओरडून सांगायचं, गाडीचं कुठं काय दुखतंय ते.

या दोघांची सगळी कमाई म्हणजे दम धरणं. सुरुवातीला बाकीचे उधळायचे, हे आपले मागं निवांत. चौथ्या तासाला पुढच्यांचे ब्रेक जळायचे, टायर फाटायचे. बजरंग म्हणायचा, "त्येला मारायचं न्हाई. त्यो आपला आपण गळतोय." आणि गळायचे हो खरंच! तसेच दोनदा तिसरे आले होते.

खर्च सोसायची खराडीची एक सॉफ्टवेअर कंपनी. गाडीवर तिचं नाव. तिथली पूर्वा म्हणून पोरगी सगळं बघायची. मग ती मंदी आली. परदेशातली कामं आटली, कंपनीचे दोन मजले रिकामे झाले. पूर्वा गॅरेजवर आली, चहासुद्धा घेतला नाही.

"काका, मी वर भांडून एक लास्ट रेस मिळवलीये. पहिल्या तिनात आलात तर पुढच्या वर्षीचं बोलता येईल. नाहीतर टीम बंद, गाडी विकायची."

"येऊ की तिसरे," बजरंग म्हणाला. "त्यात काय हाय?"

"अजून एक आहे. ऑर्गनायझर्सकडेपण पैसा नाहीये. रेस सहा तासांची नाही, एकाच तासाची ठेवलीये. ड्रायव्हर एकच."

बजरंगनं उत्तरेश्वरकडं बघितलं. उत्तरेश्वर पान्हा पुसत बसला होता, पुसलेलाच पान्हा.

"तू हाक," तो म्हणाला. "माझी ढेरी वाढलीय. वजन वाचंल."

गेले तिकडं दक्षिणेत, ट्रॅकवर. एरवी जत्रा असायची, त्या खेपेला निम्म्या पिटांची शटरं बंद. उत्तरेश्वरनं बजरंगचे पट्टे आवळले. सांगण्यासारखं काही नव्हतं, नुसतं हेल्मेट थोपटलं.

शर्यत सुटली. बजरंगला वाटत होतं, आपण जीव खाऊन पळवतोय. पण वळण आलं की पाय आपोआप अलगद उचलायचा. इतक्या वर्षांचा पाय तो, त्याला कोण सांगणार मंदी आलीय म्हणून?

रेडिओवर उत्तरेश्वर बोंबलत होता, "बजा, हाण की! वरातीत हाईस का?"

"हाणतोय की! गप बस."

चौथा होता बजरंग. तिसरी गाडी अगदी नाकासमोर. तिच्या पुढच्या चाकातनं धूर येत होता. बजरंगला बरं वाटलं. ब्रेक चालले ह्याचे, आता गळतोय. आत घुसायला दोनदा जागा मिळाली, दोन्ही वेळी बजरंग थांबला. कशाला धक्काबुक्की? जातोय की तो आपला आपण.

"घूस! बजा, घूस!" उत्तरेश्वरचा आवाज फाटला.

"थांब जरा. गळतोय त्यो."

आणि तास संपल्याचा झेंडा पडला. तिसरी गाडी धूर सोडत रेषेच्या पलीकडं गेली आणि पुढच्याच वळणावर मातीत जाऊन बसली. मेली. पण रेषेच्या पलीकडं.

बजरंगनं सवयीनं गाडी पिटात आणली, सवयीनं पट्टे सोडले. उत्तरेश्वर चाकापाशी वाकला. टायरवरनं हात फिरवला, टाकी बघितली. सगळं शाबूत, अजून तासभर सहज पळाली असती.

"एवढी राखून आणलीस," तो म्हणाला. "कुणासाठी रं?"

बजरंगनं हेल्मेट काढलंच नाही. आतनंच बोलला, "तू बसणार हुतास न्हवं."

उत्तरेश्वर भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

पूर्वाला फोन केला तर ती रागावलीसुद्धा नाही. "असू दे काका. माझापण हा शेवटचाच महिना आहे इथे," एवढंच म्हणाली.

गाडी सोलापूर रोडच्या एका हॉटेलवाल्यानं घेतली. इंजिन काढून दारात उभी केलीय, लोक जेवून आले की तिच्यात बसून फोटो काढतात. उत्तरेश्वर बार्शीकडं गावाला गेला तो गेलाच. बजरंग फोन करतो, तो उचलतो, दोघं पावसापाण्याचं बोलतात, गाडीचं नाही.

बजरंग आता खराडीला कंपन्यांची माणसं सोडतो, कॅबमधे. तर एक काम करा. कधी तुमच्या वाट्याला असा ड्रायव्हर आला, सिग्नल लांब दिसला तरी अलगद पाय उचलणारा, पुढं जागा असून न घुसणारा, तर मागचे हॉर्न वाजवतील, वाजवू द्या. तुम्ही तेवढं "काका, जरा पळवा की" म्हणू नका.