शेंडेफळ फिरलं तेव्हा

मी एक जुना लहरीमापक आहे. हसू नका मित्रांनो, मी लहरी नाही, मी लहरी मोजतो. आणि खरं सांगायचं तर पहिल्यापासून भित्रा आहे.

पाण्याच्या मोठ्या पंपाच्या शाफ्टची, म्हणजे फिरत्या दांड्याची, थरथर रोज कागदावर उमटायची. अशी रेघ म्हणजे लहानमोठ्या लाटांची बेरीज. मला चालवणारी ताई माझा काटा तिच्यावरून फिरवायची आणि माझं एकेक चाक एकेका लाटेचा वाटा सांगायचं. रेघ गुळगुळीत असली की वाटे भराभर घटत जातात, शेवटच्या चाकापर्यंत काही उरतच नाही. पण रेघेत कुठे कोपरा असला की ते रेंगाळतात, आणि ती मध्येच तुटली असली तर संपता संपत नाहीत.

माझ्या शेवटच्या चाकाला ताई शेंडेफळ म्हणायची. "नुसतं लाडावलंय, कामाच्या नावानं शून्य!" पंपघराचे साहेब तर ते काढूनच टाकायला निघाले होते.

एके दिवशी रेघ नेहमीसारखीच दिसत होती, पण शेंडेफळ फिरलं.  ताईचा धाकटा भाऊ तेव्हा खाली पंपाशी काम करत होता.

"म्हातारा झालाय तो," साहेब माझ्याकडे बघून म्हणाले. "तेल घाला."

देवा, तसंच असू दे! मी बिघडलो असेन तर फार तर भंगारात जाईन. पण मी धड असेन तर?

 ताईनं कालची रेघ लावली. शेंडेफळ ढिम्म. पुन्हा आजची लावली. फिरलं.

"अगं बाई, म्हातारा ठणठणीत आहे!" ती किंचाळली. आयुष्यात पहिल्यांदा मला स्वतःच्या तब्येतीची भीती वाटली.

तिनं फोन उचलला. "छोट्या, वर ये!"

"थांब गं, एवढा नट आवळतो..."

"नट गेला खड्ड्यात! माझी शपथ आहे तुला, ये!"

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनीच धावत जाऊन पंप बंद केला. शाफ्टला नखाएवढी चीर होती, तो कधीही मोडला असता. दर फेरीला तो तिथे अडखळत होता, म्हणून रेघेत न दिसणारा कोपरा पडला होता. छोट्या वर आला तेव्हा ताईनं आधी त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि मग रडली.

आता माझ्यावर चादर आहे, काम संगणक करतो. परवा कुणीतरी म्हणालं, "शेवटच्या लाटांचे आकडे शून्यच असतात, कशाला बघायचे?" माझं धाबं दणाणलं.

मित्रांनो, माझी धूळ नाही झटकलीत तरी चालेल. ते आकडे तेवढे बघत जा. खाली कुणाचा तरी छोट्या नट आवळत असतो.