सोळावर बावीस

पडघ्याच्या गोदामात मी सुपरवायझर आहे आणि तोंडाने फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते. आमच्या तीस बायका अमेरिकेला जाणाऱ्या स्वयंपाकघरातल्या फडक्यांवर किमतीचं लेबल लावतात. चार फडक्यांचे सोळा डॉलर! तेवढ्यात आपल्याकडे चांगली साडी येईल. पण घेणारे घेतात, आपल्या बापाचं काय जातं?

गुणाबाईचा हात सगळ्यांत भरभर चालतो. येत्या दिवाळीपासून तिला कायम करायचा शब्द मी दिला होता, आणि ती त्यावर विसंबून होती.

ऑगस्टात अमेरिकेने आपल्या मालावरचा आयातकर पन्नास टक्क्यांवर नेला. तिथल्या कंपनीने कळवलं, कर आम्हाला भरावा लागणार, तेव्हा सोळाच्या लेबलवर बावीसचं लावा. बांधलेले खोके पुन्हा उघडले. डबल काम, डबल मजुरी. मी तर हरखूनच गेले.

गुणाबाईने नवं लेबल हातात धरून विचारलं, "नेत्रा बाय, अंबाडी गावच्या बाजारात मी काकडी पाच रुपयांनी वाढवली तरी गिऱ्हाईक हात मागं घेतं. तिथली बाई घेल का गं एवढ्याला?"

"मावशी, तिची काळजी तू नको करू. हात चालव," मी खेकसले.

चार दिवसांत सगळ्या मालावर लेबलं चिकटवून झाली. पाचव्या दिवशी गोदामाच्या मालकाचा, मितेशशेठचा फोन आला. तिथल्या दुकानांनी बावीसला माल नाकारला होता. खोके इथेच राहणार, पुढची ऑर्डर रद्द. ज्या दहा बायका कायम आहेत त्या ठेवायच्या, बाकीच्या उद्यापासून नकोत.

उद्यापासून येऊ नको, हे गुणाबाईला मलाच सांगावं लागलं. तिने एक खोका ओढला, उघडला आणि बावीसचं लेबल नखाने अलगद सोडवलं. खाली सोळा तसेच होते.

"बघ, निघतंय. सगळी काढतं मी. मजुरी नको."

"मावशी, भाव आपण नाही गं ठरवत."

"मंग चिकटवायला आमालाच कशाला लावला?"

मला रडू आलं. वाकड्या लेबलावरून रोज हिच्यावर ओरडणारी मी, खाली बसले आणि तिच्या शेजारचा खोका उघडला.