टर्बो मागे, देव पुढे

आमची बोट भाट्याच्या खाडीच्या तोंडाशी वाळूवर आपटली. आपटली नाही. असं काही घडलेलंच नाही, हे आत्मारामकाकांनी जेवताना ठरवलं आणि आईने भात वाढून मंजूर केलं. बोटीचा तळ फुटलाय, तो आपोआप.

बोटीवर इंजिन मी बघतो. म्हणजे काका ते बिघडवतात आणि मी बघतो. टर्बो इंजिनाला चिकटून होता, तिथेच तो हवा. इंजिनातून सुटणारा धूर तापलेला असतो. त्या तापाच्या जोरावर टर्बोचं चाक गरगरतं आणि इंजिनात जास्तीची हवा कोंबतं. धूर वाटेत निवला, की जोर मेला.

पण टर्बोच्या वरच्या फळीवर देव्हारा. नारळी पौर्णिमेला एक नारळ समुद्राला आणि एक देव्हाऱ्यात, तो वर्षभर तिथेच, ही आमची रीत. यंदा तो तडकला.

"अपशकुन," काका म्हणाले.

"टर्बोची धग," मी म्हणालो. "देव्हारा केबिनमध्ये नेऊया."

"देव हलवायचा नाय. तुझ्या आजोबांनी बसवलाय."

"आणि टर्बो?"

"तो काय आजोबांनी बसवला?"

देवापुढे नवा नारळ आला आणि टर्बो गेला बोटीच्या शेपटाला. मधे लांबलचक उघडा पाइप, वर खारं पाणी उडतंय. काका त्यावर हात ठेवून अख्ख्या मांडवी बंदराला दाखवत, "बघा, कसा थंडगार." प्रेतही थंडगारच असतं, पण ते कोणी मिरवत नाही. आमचा खलाशी बाबल्या त्या पाइपावर टॉवेल टाकायचा. तोही वाळायचा नाही.

सोमवारी परतताना खाडीच्या तोंडाशी मागून लाट उठली. तिथे इंजिनाला झटक्यात जोर देऊन वाळूची पट्टी ओलांडायची असते. काकांनी जोर दिला. इंजिनाने काळा धूर ओकला आणि ते विचारात पडलं. लाटेने आम्हाला आपटलं, बाबल्या नांगरावर पडला, आणि मग टर्बो शिट्टी घालत जागा झाला, लग्न लागल्यावर पोचलेल्या बँडसारखा.

"नारळाला धक्का नाय," काका म्हणाले.

"बाबल्याचा हात मोडलाय, काका."

"तो घरात घसरला."

"उद्या त्याची मान मोडेल. टर्बो जागेवर आणा, नायतर मी बोटीवर पाय ठेवणार नाय."

"नको ठेवू."

"मग इंजिन कोण बघणार?"

काकांनी देव्हाऱ्याकडे हात केला. "तो आहे. आणि बाबल्या आहे."

बाबल्या गळ्यात हात अडकवून हसला. त्याला दुसऱ्या बोटीवर कोण घेणार? म्हणजे शुक्रवारी तळ सांधून बोट निघाली, की मीही जाणार. मेल्याला एकट्याला कसा सोडू?

तरी भाट्याच्या खाडीतील सर्व लाटांना नम्र विनंती करण्यात येते की, आमच्या बोटीच्या टर्बोस जाग येईपर्यंत त्यांनी मुखाबाहेर रांगेत थांबावे, व थांबल्याची लेखी पोच बाबल्याच्या धड हातात द्यावी.