कुलूप कोणी लावलं?

विशाखाबाई वर्गात नेहमी सांगायच्या, "छापलेलं सगळं खरं नसतं. प्रश्न विचारा."

बमरोलीच्या एका पॉवरलूमच्या कारखान्यात रात्रपाळीचे कामगार सटकू नयेत म्हणून बाहेरून कुलूप घालायची रीत होती. परवा आग लागली आणि चौघं आतच जळाले. पेपरात आलं, 'कामगाराच्या बिडीमुळे आग'. बिडीमुळे म्हणे! बाईंच्या वर्गातल्या सुजाताचं डोकंच सणकलं. कारखान्याच्या शेठला उघडं पाडायचं म्हणून तिने शाळेच्या नव्या कॉम्प्युटरवर टाइप केलं, 'कुलूप कोणी लावलं?' आणि छापलेले कागद वस्तीभर डकवले.

संध्याकाळी त्यातलाच एक कागद घेऊन तिचा बाप ओट्यावर बसला होता. नागनाथ त्याच कारखान्याचा वॉचमन. त्या रात्री आपली पाळी नव्हती, असं त्याने घरात सांगितलं होतं. त्याने खिशातून किल्ली काढून कागदावर ठेवली.

"तुझ्या बाईंना सांग," तो म्हणाला, "उत्तर सापडलं."