खंडेनवमीला चाललेले इंजिन

खंडेनवमीच्या सकाळी साडेनऊ वाजता तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी प्रयोगशाळेतले तेलाचे इंजिन परवानगीशिवाय सुरू केले. पिंपळगाव राजाच्या रस्त्यावरच्या अभियांत्रिकी कॉलेजात असे पूर्वी घडले नव्हते.

एरवी इंजिन प्राध्यापक वामनराव चालवत आणि मुले त्याच्याभोवतीच्या साखळीबाहेरून बघत. त्याची शक्ती मोजण्याची गरजच नसे. आकडा फळ्यावर पांढऱ्या रंगाने कायमचा रंगवला होता: अकरा अश्वशक्ती. मुले तो जर्नलात उतरवत, त्यावर सही मिळे आणि परीक्षेला बसता येई. साखळी निघे ती फक्त खंडेनवमीला, यंत्र पुसून पूजा करण्यापुरती. त्या दिवशी यंत्र चालवत नाहीत.

अमडापूरच्या इंद्रभानने चाक पुसले, हळदकुंकू वाहिले, झेंडूचा हार घातला. मग तो कय्यूमकडे वळला.

"बत्ती पेटव बे."

"आज? तुमच्या देवाले चालते का?"

"तुले काऊन देवाची काळजी?"

"मले इंजिनाची आहे. हार काढ पहिले, चाकात गुंतन."

बत्तीने इंजिनाचे डोके तापवले. दोघांनी चाक ओढले. थोडा धूर सोडून इंजिन चालू लागले. मुलांनी चाकावर दोर टाकून वजने अडकवली आणि आळीपाळीने फेरे मोजले. हिशेब साडेआठच्या वर जाईना. पुन्हा मोजले, तेच आले.

आवाज ऐकून वामनराव आले. त्यांनी आधी तेल बंद केले.

"सर, साडेआठच येऊन राह्यले," इंद्रभान म्हणाला.

"मोजण्यात चूक असेल तुमच्या."

"असन. पहिल्यांदाच मोजलं."

"इंजिन म्हातारं झालं, सर," कय्यूम म्हणाला. "फळा नाही झाला."

मागे कोणीतरी हसले. वामनराव हसले नाहीत. ते इंद्रभानकडे वळले. "हात सापडला असता चाकात, तर तुझ्या बापाला मी काय सांगितलं असतं?"

"अन् हात न लावताच इंजिनियर झालो, तर मी त्याले काय सांगू?" इंद्रभान म्हणाला.

दसऱ्यानंतर प्राचार्यांनी विचारणा केली. इंद्रभानने सगळे स्वतःवर घेतले. त्याने माफी लिहून द्यावी आणि जर्नलात अकरा लिहावे, नाहीतर परीक्षेच्या अर्जावर वामनरावांची सही होणार नाही, असे ठरले.

"नवमीले चालवलं, त्याची माफी देतो," इंद्रभान म्हणाला. "मोजलं, त्याची नाही देत. अन् पुढच्या पोरायले तरी हात लावू द्या."

जर्नलात त्याने साडेआठच लिहिले.

परीक्षेचे अर्ज शनिवारी नागपूरला जायचे होते. प्रयोगशाळेला कुलूप असून किल्ली वामनरावांकडे होती. शुक्रवारी दुपारी सगळी मुले वर्गात असताना आतून इंजिनाचा आवाज आला, आणि बराच वेळ येत राहिला. संध्याकाळपर्यंत इंद्रभानच्या अर्जावर सही झालेली नव्हती.