आजोबांची तीन जादा लग्नं

"आपल्या घराण्यात सात पिढ्यांत एकाही पुरुषाने दुसऱ्या लग्नाचा नुसता विचारसुद्धा केलेला नाही," असं लालशाईने आत्याच्या बाहेरच्या खोलीत उभं राहून, एक हात उंचावून जाहीर केलं. दुसऱ्या हाताने तो ट्रंकेतल्या गठ्ठ्याची गाठ सोडत होता. गाठ सुटली आणि आजोबांच्या तीन लग्नपत्रिका त्याच्या पायाशी पडल्या.

लालशाई हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. बेचाळीस वर्षं त्याने एका प्रकाशकाकडे प्रुफं तपासली आणि निवृत्त झाल्यावर नोकरी थांबली, हात थांबला नाही. पुतणीने वाढदिवसाला पाठवलेलं शुभेच्छापत्र त्याने चार चुका लाल शाईने दुरुस्त करून साभार परत पाठवलं, तेव्हापासून नातेवाइकांत हे नाव रूढ झालं. रिकामा वेळ खायला उठला म्हणून त्याने वंशावळ काढायला घेतली होती. त्यासाठीच आज सोमवारी आत्याच्या माळ्यावरून आजोबांची लोखंडी ट्रंक, कुणाचं न ऐकता, एकट्याने उतरवून त्याने खोलीच्या मधोमध धाडकन आदळली होती.

आजोबांचा एका खोलीचा छापखाना होता, आणि पत्रिका तिथल्याच दिसत होत्या. प्रत्येकीच्या कोपऱ्यात एक भोक होतं. ते लालशाईने "वाळवी" असं म्हणत निकालात काढलं. तिन्हींत नवरा एकच, आजोबा. नवऱ्या तीन. आजीचं नाव एकीतही नव्हतं.

आत्या म्हणजे आजोबांची धाकटी लेक, वय त्र्याऐंशी; वडिलांना ती तात्या म्हणायची. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"नावं वाचू का?" लालशाईने विचारलं.

"काही नको. सवतींशी ओळख वाढवायची मला हौस नाही."

"तुझ्या कुठे? आजीच्या सवती."

"तू इथेही दुरुस्ती कर." आत्या खुर्चीत जरा मागे टेकली. "आई म्हणायची, तुझ्या वडिलांनी मला पाहिलं आणि मग दुसरीकडे पाहिलंच नाही. आता मला एवढंच शोधून दे. ती कितवी होती? चौथी होती, की मोजणीतच नव्हती? आणि ती मला फसवत होती, की तात्या तिला?"

एवढं बोलून ती उठली आणि काठीच्या टोकाने तात्यांचा फोटो भिंतीकडे तोंड करून फिरवला. या वयात तिचा नेम बघून लालशाईला एरवी कौतुक वाटलं असतं.

त्याच दुपारी त्याने पत्रिकांचा तपशील वहीत उतरवून घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आत्याकडे डोकावला, तर ती एका पायात चप्पल आणि एक पाय अनवाणी अशी स्वयंपाकघरात फिरत होती. धक्का पायांपर्यंत उतरला, असं त्याने मनाशी नोंदवलं, आणि वही घेऊन तडक विवाह नोंदणी कार्यालय गाठलं.

जुनी दप्तरं सांभाळणारी कारकूनबाई तिशीची होती आणि धुळीमुळे नाकाला रुमाल बांधून बसली होती. लालशाईने तारखा वाचल्या. तिने तीन जाडजूड वह्या उतरवल्या, तिन्ही उघडल्या, तिन्ही मिटल्या.

"या तारखांना तुमच्या आजोबांचं लग्न नाही, काका. त्यांची एकच नोंद सापडते, तीही दुसऱ्याच वर्षी." आणि तिने आजीचं नाव वाचलं.

लालशाईचा जीव भांड्यात पडणार, तेवढ्यात ती पुढे म्हणाली, "पण तेव्हा सगळे नोंद करायला यायचेच असं नाही. पत्रिका छापली म्हणजे लग्न झालंच असणार, नाही का?"

जीव भांड्याच्या काठावरून परत फिरला.

आत्याने निकाल ऐकला. "म्हणजे कागदावर आई एकटी आणि कागदाबाहेर चौथी. छान." ती अजून एकाच चपलेत होती. त्या दिवशी ती भाच्याला चहा विचारायलाही विसरली, यावरून प्रकरण किती चिघळलंय ते त्याने ओळखलं.

बुधवारी तो मूळ पत्रिकाच घेऊन कार्यालयात गेला. कारकूनबाईने पहिली वाचली, दुसरी वाचली, आणि नाकावरचा रुमाल खाली ओढला.

"काका, काल तुम्ही मला तीस जून सांगितलंत."

"हो."

"इथे एकतीस जून आहे."

"ती छपाईची चूक. जूनला तीसच दिवस. मी उतरवताना दुरुस्त केली."

"आणि ही एकतीस सप्टेंबर?"

"तीही केली."

"तीस फेब्रुवारी?"

"अठ्ठावीस केली," लालशाई म्हणाला. पण आवाज बसत चालला होता. बेचाळीस वर्षांत एकाच छापखान्याने एकच चूक तीनदा केलेली त्याने पाहिली नव्हती.

"तुमच्या आजोबांनी हे मुद्दाम केलंय हो," ती हसू दाबत म्हणाली. "गिऱ्हाइकाला दाखवायचे नमुने आहेत हे. खरी तारीख घातली तर एखादा यायचा जेवायला. तुम्ही दुरुस्त केलंत म्हणून, नाहीतर ही लग्नं शंभर वर्षांत लागली नसती."

लालशाई वाटेत कुठेही न थांबता आत्याकडे आला. हकिगत ऐकून आत्याने पत्रिका हातात घेतली आणि कोपऱ्यातल्या भोकावरून बोट फिरवलं.

"वाळवी कसली मेल्या. सुतळी ओवायचं भोक आहे हे. दाराशी खिळ्याला गठ्ठा टांगलेला असायचा. मी त्याला लोंबकळून मार खाल्लाय." मग म्हणाली, "एकदा नमुन्यात कुणा गिऱ्हाइकाचं नाव घातलं होतं, तर त्याची बायको पत्रिका घेऊन भांडायला आली. तेव्हापासून तात्या नवऱ्याच्या जागी स्वतःलाच उभं करायचे."

"मग नवरीच्या जागी आजीला का नाही?"

"आई म्हणायची ना, माझं नाव घाला. तर म्हणायचे, ते खरं आहे, खोट्या तारखेला नाही घालायचं." आत्याने डोळे पुसले आणि नाकही पुसलं. "वाच आता त्या बायांची नावं."

लालशाईने वाचली. पहिल्या दोन नावांना आत्याने मान हलवली. मनानेच बेतलेली असतील म्हणाली. तिसऱ्याला ती इतकी हसली की काठी हातातून सुटली.

"अरे, ही तर आमची मांजर. पांढरी, एक कान काळा. कागदाच्या रिमांवर झोपायची. आडनाव मात्र तिला तात्यांनी नवीन दिलेलं दिसतंय."

लालशाईने फोटो सरळ केला. आजोबा तिकडे भिंतीकडे बघून आल्यावरही जराही ओशाळलेले दिसत नव्हते. वंशावळीत आजोबांच्या शेजारी त्याने एकच नाव लिहिलं, लाल शाईत नव्हे, काळ्या. मग तो उभा राहिला. एक हात आपोआप वर गेला.

"म्हणजे आत्या, सात पिढ्यांत..."

"पुढचं नंतर बोल," आत्या म्हणाली. "आधी ती ट्रंक जरा उचल. तिच्याखाली सोमवारपासून माझी डावी चप्पल आहे."