पार्थेनॉन पार्कातले रंगीत खांब

टेक्सासातल्या शुगर लँडमध्ये आमच्या उल्हासने घर घेतलं त्या वसाहतीचं नाव पार्थेनॉन पार्क. एकशे चाळीस घरं, प्रत्येकाच्या दारात चार पांढरेफटक खांब आणि वर देवळासारखा त्रिकोण. पहिल्याच आठवड्यात मी फिरून परतताना भलत्याच घरात शिरलो, चहा प्यालो आणि बाहेर पडलो, तरी त्या लोकांच्या लक्षात आलं नाही. यातला चहा खोटा आहे, बाकी खरं.

वसाहतीच्या असोसिएशनचा नियम असा की घराचं दर्शनी रूप प्राचीन ग्रीक शैलीचंच हवं.

माझी सून शैलजा ठाण्याला रंगाच्या कारखान्यात नऊ वर्षं केमिस्ट होती. इथे तिच्या व्हिसावर नोकरीला बंदी. चार वर्षांत तिने हाताळलेला एकमेव रंग म्हणजे फोडणीतली हळद. मग २००६च्या उन्हाळ्यात तिने लायब्ररीतून एक जाडजूड पुस्तक आणलं आणि आमटी करपवली.

“बाबा, हे बघा. ग्रीकांचे पुतळे पांढरे नव्हतेच. देवळांवरही लाल, निळा, पिवळा. देवांचे ओठसुद्धा रंगवलेले. ऊन-पावसात रंग उडाला आणि उरलेल्या दगडाला लोक ग्रीक सौंदर्य म्हणायला लागले.”

“म्हणजे आपल्या शेंदूर फासलेल्या मारुतीचे चुलतभाऊ.”

“सख्खे म्हणा.”

अकरा दिवस ती शिडीवर होती. गेरू, पिवळी माती, निळी पूड, सगळं तिने गॅरेजमध्ये जवसाच्या तेलात स्वतः घोटलं. हवा इतकी दमट की मी अंगणात पापड वाळत घातले, ते संध्याकाळी पिळून दोरीवर टाकावे लागले. पण रंग वाळला. खांबांच्या माथ्यांवर निळी-लाल पानं, त्रिकोणाला लालभडक पाठ, कडेने पिवळी, काटकोनात वळत जाणारी नक्षी. तिसऱ्या दिवशी तर विमानं खाली येऊन बघून जायला लागली. शैलजाच्या नखांत रंग बसला होता आणि ती तो काढत नव्हती.

पत्र आलं. मूळ पांढरा रंग द्या, हरकत असेल तर रविवारी क्लबहाउसमध्ये मांडा.

“शैलू, ग्रीन कार्ड पेंडिंग आहे,” उल्हास म्हणाला. “पांढरं करून टाक ना यार. कशाला पंगा?”

“या देशात मी केलेलं हे एकच काम आहे, उल्हास. ते मी पुसणार नाही.”

रविवारी आम्ही तिघं गेलो. समोर पाच जणांची समिती, मधे अध्यक्ष मिसेस हॅनिगन. बाई सभ्य होत्या, पण केससुद्धा नियमानुसार बसवलेले.

“ग्रीक म्हणजे पांढरं, हे सगळ्यांना माहीत आहे,” त्या म्हणाल्या.

“ग्रीकांना माहीत नव्हतं,” शैलजा म्हणाली आणि पुस्तक उघडून पुढे सरकवलं.

“तुम्ही इतिहासाच्या प्राध्यापक आहात का?” एकाने विचारलं.

“नाही, रंगाची केमिस्ट. तुमच्या खांबांना लावलाय तो रंग तीन वर्षांत पिवळा पडेल, तेही सांगू शकते.”

मिसेस हॅनिगननी पुस्तक मिटलं. “आपण मतं घेऊ. तीही ग्रीकांचीच देणगी.”

मी हात वर केला. “अथेन्सवाल्यांनी एका प्रश्न विचारणाऱ्या म्हाताऱ्याला मतं मोजूनच विष पाजलं होतं. मोजा खुशाल. मोजलेलं बरोबर असतंच असं नाही.”

चार विरुद्ध एक. चौदा दिवसांत घर पांढरं झालं पाहिजे. शैलजाने तो कागद तिथेच उभ्या उभ्या दोनदा वाचला.

“किती दिवस पांढरं राहिलं पाहिजे, ते यात नाही,” ती मला मराठीत म्हणाली.

घरी येऊन तिने खडूची पूड तांदळाच्या पेजेत कालवली आणि शिडी लावली. मी शिडी धरायला नकार दिला.

“बाबा, धरा हो. खालचा रंग तेलातला आहे. हा वरचा पाण्यातला.”

माझा नकार तिथेच संपला. चौदाव्या दिवशी असोसिएशनचा माणूस आला, फोटो काढला, कागदावर बरोबरची खूण केली आणि गेला. दुपारी मेक्सिकोच्या आखाताकडून आडवंतिडवं वादळ आलं. सगळा पांढरा गटारात वाहून गेला आणि गल्लीतली मांजरं दूध समजून धावली. खांब आधीपेक्षा झळझळीत दिसायला लागले.

दुसरं पत्र आलं. शैलजाने दुसऱ्यांदा पांढरं केलं, पावसाने दुसऱ्यांदा धुतलं. असं सतरा वेळा झालं. उल्हास सात म्हणतो, पण तो इंजिनियर आहे, त्याला गोष्ट सांगता येत नाही.

शेवटी मिसेस हॅनिगन स्वतः पत्र घेऊन आल्या. शैलजा शिडीवर होती, हातात कुंचला. त्या दिवशी शिडी उल्हासने धरली होती. माझ्या हातातून हिसकावून घेतली होती म्हणा.

“तुम्ही मुद्दाम करताय.”

“सांगितलं तेच करतेय. प्रत्येक वेळी पांढरं केलंय, फोटो तुमच्याकडेच आहेत.”

“हे थांबणार कधी?”

“तुमची पत्रं थांबतील तेव्हा. नाहीतर शनिवारी तुमच्याकडे येते. तुमच्या खांबांना निळा शोभेल.”

बाई पत्र पुढे धरून उभ्या राहिल्या. शैलजाने ते घेतलं नाही, कुंचला बादलीत बुडवला. आणि ज्याने आयुष्यात कोणाला ‘सरा’ म्हटलं नव्हतं तो माझा उल्हास, शिडीवरचा हात न काढता म्हणाला, “मॅडम, जरा मागे व्हा. माझी बायको काम करतेय.”